मूठ नसलेले ओझे

१९६५ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकाने परिचारिकेच्या वाट्याला येणाऱ्या ओझ्यावर एक छोटे संपादकीय छापले. लिहिणाऱ्याने माणसाच्या देहाकडे क्षणभर हमालाच्या नजरेने पाहिले होते. वजन शंभर किलोपर्यंत, कधी त्याहूनही जास्त. धरायला मूठ नाही. उचलताना ताठ राहील याची खात्री नाही. आणि हातून निसटलाच तर नुकसान भयंकर. वाचताना हसू येते, पण साठ वर्षांनंतरही त्या वर्णनात दुरुस्ती करावी असे काही सापडत नाही.

सिमेंटचे पोते पन्नास किलोचे असते. ते उचलणेही कष्टाचेच, पण पोते मध्येच घाबरून उचलणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारत नाही, त्याच्या एका हाताला सलाइन आणि खाली लघवीची पिशवी लटकत नसते. पोती वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली हमालांची चळवळ होती. वॉर्डातली मावशी, वॉर्डबॉय, सिस्टर दिवसभर जे उचलतात त्याची गणना मात्र ओझ्यात होत नाही, सेवेत होते. सेवेला किलो लावायचे नसतात असा एक संकेतच आहे.

आजच्या व्याख्यानाचे म्हणणे असे की ते लावले पाहिजेत. रुग्णालयातल्या माणसांची कंबर धरते, मान आखडते, खांदा रात्री झोपू देत नाही. याचे खापर वाकण्याच्या चुकीच्या सवयीवर फोडण्याची प्रथा जगभर आहे आणि ती जितकी जुनी तितकीच निरुपयोगी ठरली आहे. खरा प्रश्न खाटेच्या उंचीचा, ट्रॉलीच्या चाकाचा, उचलायच्या साधनांचा आणि पाळीवरच्या माणसांच्या संख्येचा आहे. म्हणजे तो व्यायामशाळेतला नसून खरेदी समितीच्या आणि आस्थापना विभागाच्या टेबलावरचा आहे.

कामामुळे होणाऱ्या आजारांची गोष्ट इटलीतून सुरू करण्याचा रिवाज आहे. १७०० साली मोदेना येथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला कोणते प्रश्न विचारावेत हे हिप्पोक्रेटिसने सांगून ठेवलेच होते. रामाझ्झिनीने त्यात एकाची भर घातली: तुम्ही काम काय करता? ओझी वाहणारे, दिवसभर उभे राहणारे, सुईणी यांच्याविषयी तो लिहितो. १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या शिणलेल्या उजव्या हाताचे वर्णन आहे. गंमत अशी की हा प्रश्न पुढे रुग्णालयात येणाऱ्या प्रत्येकाला विचारला गेला. केसपेपरवर ‘व्यवसाय’ असा रकानाच आहे. रुग्णालयात काम करणाऱ्याची पाठ दुखते तेव्हा मात्र तो कोणी विचारत नाही. ओपीडीतूनच चिठ्ठी मिळते, दोन गोळ्या, एक मलम, आणि दुपारच्या पाळीला माणूस पुन्हा हजर.

आता किलोंकडे येऊ. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने, म्हणजे नायॉशने, वजन उचलण्यासाठी एक सूत्र तयार केले आहे. त्यात सगळ्या गोष्टी अनुकूल असतील, वस्तू अंगाशी असेल, कंबर पिळावी लागणार नसेल, धरायला चांगली पकड असेल, तर मर्यादा २३ किलो. हे सूत्र खोक्यांसाठी होते. रुग्णांना ते कसे लावायचे याचा हिशेब त्याच संस्थेतील थॉमस वॉटर्स यांनी २००७ मध्ये मांडला आणि आकडा खाली आला: सुमारे १६ किलो. तोही रुग्ण समजूतदार आहे, साथ देतो आहे, असे धरून.

सोळा किलो म्हणजे किती? माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सोळा टक्के भरतो. साठ किलोच्या रुग्णाचे दोन्ही पाय उचलून खाटेवर ठेवायचे तर ते १९ किलो झाले. सबंध माणूस तर सोडाच, नुसते पाय उचलतानाच मर्यादा ओलांडली गेली. ऑर्थोपेडिक वॉर्डात त्याच पायावर प्लास्टर असते आणि ड्रेसिंग होईपर्यंत तो कोणीतरी हवेत धरून उभे असते.

बेडसोर होऊ नयेत म्हणून अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. समजा तीस खाटांच्या वॉर्डात असे सहाच रुग्ण आहेत. आठ तासांच्या पाळीत चोवीस वेळा माणूस वळवायचा झाला. शिवाय घसरून पायथ्याशी गेलेल्याला वर ओढणे, बेडपॅन देणे, चादर बदलणे, स्ट्रेचरवरून खाटेवर घेणे. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका आणि शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक असा आहे. रात्री अकरा वाजता एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात जाऊन पाहावे. निकष कागदावर असतो आणि टेबलाशी एक सिस्टर असते.

‘एकटीने उचलू नका, दोघींनी उचला’ हा सल्ला सगळेच देतात. तो किती पुरतो, हे अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठात विल्यम मॅरास आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये तपासले. उचलणाऱ्यांच्या पाठीवर उपकरणे लावून त्यांनी रुग्णाला खुर्चीतून खाटेवर घेण्याच्या, अंथरुणात वर सरकवण्याच्या निरनिराळ्या पद्धती मोजल्या. कण्यावरील दाबाची जी सुरक्षित पातळी मानतात ती ३४०० न्यूटन. एकट्याने उचलताना धोका फारच जास्त आढळला. दोघांनी उचलल्यावर तो कमी झाला, पण सुरक्षित म्हणावा इतका नाही. त्यांनी वापरलेला ‘रुग्ण’ सुमारे पन्नास किलोचा, शुद्धीवर असलेला आणि सहकार्य करणारा होता. तसा रुग्ण वॉर्डात मिळाला तर सिस्टर त्याला उचलतीलच कशाला? तो चालत जाईल.

तरीही प्रशिक्षणावरची श्रद्धा हटत नाही. पाठ ताठ ठेवा, गुडघ्यात वाका, ओझे अंगाशी घ्या. ही चित्रे रुग्णालयांच्या भिंतींवर असतात आणि चित्रात नेहमी एक खोके असते. खोके जमिनीवर असते, समोर असते. रुग्ण खाटेवर, खाटेच्या मध्यभागी असतो. त्याच्यापर्यंत पोहोचायला कमरेतूनच ओणवे व्हावे लागते. गुडघे वाकवले तर ते कॉटच्या लोखंडी कडेवर आपटतात.

फिनलंडमधील संशोधकांच्या पुढाकाराने वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेसाठी या प्रशिक्षणाच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तो २००७-०८ मध्ये प्रसिद्ध झाला. उचलण्याचे तंत्र शिकवल्याने पाठदुखी टळते याला पुरावा मिळाला नाही. कमरेच्या पट्ट्याविषयी नायॉशने १९९४ मध्येच सांगितले होते की धडधाकट कामगाराला तो इजेपासून वाचवतो असे दिसत नाही. याहून बोलका दाखला ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातला आहे. तेथील फिजिओथेरपिस्टांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९१ टक्के जणांनी कामामुळे कधी ना कधी अशी दुखणी झाल्याचे सांगितले. सहापैकी एकाने त्यापायी कामाचे स्वरूप बदलले किंवा व्यवसायच सोडला. ज्यांचा पेशाच इतरांना नीट वाकायला शिकवण्याचा, त्यांचे हे हाल. अज्ञान हे कारण असते तर फिजिओथेरपिस्टाची पाठ जगात सगळ्यांत सुखी असायला हवी होती.

त्याच कॉक्रेन आढाव्यातली एक बाब या व्याख्यानाच्या भूमिकेला गैरसोयीची आहे, ती दडवून चालणार नाही. प्रशिक्षणाच्या जोडीला साधने दिली होती अशा चाचण्यांतही ठळक फरक दिसला नाही. मग साधनांचा आग्रह का? कारण साधन देणे आणि साधन हाताशी असणे यांत पूर्ण वॉर्डाचे अंतर आहे. चाकांवरचा हॉइस्ट, म्हणजे रुग्ण उचलण्याचे यंत्र, दुसऱ्या टोकाच्या स्टोअरमध्ये असेल, किल्ली इनचार्ज सिस्टरकडे असेल आणि रुग्णाने आत्ताच अंथरूण ओले केले असेल, तर दोघी जणी मिळून त्याला उचलून मोकळ्या होतात. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात दीर्घकालीन शुश्रूषेच्या विभागांत खाटेच्या डोक्यावर, छतालाच रूळ ठोकून हॉइस्ट बसवले. तेथे रुग्ण उचलताना होणाऱ्या दुखापतींच्या भरपाईचा खर्च खाली आला. यंत्र आणायला जावे लागत नव्हते, एवढाच त्यातला मोठा फरक.

आपल्याकडे छताचा विचार करण्याआधी जमिनीकडे पाहिले पाहिजे. मुंबईच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत खाटा भरल्या की रुग्णाला परत पाठवत नाहीत, गादी जमिनीवर घालतात. ही माणुसकीच आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्या ‘फ्लोअर बेड’ वरच्या रुग्णाला शीर शोधून सलाइन लावायची तर सिस्टरला उकिडवे बसावे लागते, मावशीला त्याच्याखालचे कापड बदलताना जवळजवळ दुमडावे लागते. वॉर्डाच्या भाषेत सांगायचे तर कमरेत उसण भरते ती इथे.

खाटांचेही तसेच. आपल्या रुग्णालयांत ‘फाउलर’ आणि ‘सेमी-फाउलर’ कॉट सर्वत्र दिसतात. ब्रुकलिनचे सर्जन जॉर्ज रायर्सन फाउलर यांनी १९०० च्या सुमारास रुग्णाला उशाकडून उंच बसवून ठेवण्याची रीत सांगितली. त्यावरून हे नाव पडले. पायथ्याशी हँडल फिरवले की रुग्णाची पाठ वर होते. सोय रुग्णाची झाली, उत्तमच झाले. पूर्ण खाट वर-खाली करण्याची सोय मात्र बहुतेक कॉटना नसते, कारण ती काम करणाऱ्याच्या उपयोगाची. पाच फुटांची सिस्टर आणि पावणेसहा फुटांचा ब्रदर एकाच उंचीच्या खाटेवर काम करतात. एकीचे खांदे उचललेले, दुसऱ्याची कंबर वाकलेली.

शिवाय भारतीय वॉर्डात एक उचलणारा असा आहे की तो कुठल्याच पाहणीत सापडत नाही. तो म्हणजे नातेवाईक. ‘पेशंटबरोबर कोण आहे?’ ही हाक येते तेव्हा पुढे होतो तो मुलगा किंवा सून, आदल्या रात्री खाटेखाली वर्तमानपत्रावर झोपलेली. ट्रॉली ढकलायला तेच, सोनोग्राफीला न्यायला तेच, कूस बदलायला तेच. आपल्या व्यवस्थेने हॉइस्ट विकत घेतला नाही, कारण तिला तो रोज सकाळी पास घेऊन फुकट मिळतो. त्याची पाठ दुखली तर घरी दुखते, हजेरीपटावर नाही.

हाच नातेवाईक, आणि कधीकधी कर्मचारीही, रुग्णाच्या काखेत हात घालून त्याला वर ओढतो. ब्रिटनमध्ये ही पद्धत गेली कित्येक दशके त्याज्य मानली आहे. अर्धांगवायू झालेल्याचा आधीच सैल पडलेला खांदा तीत दुखावतो, आणि चादरीवरून फरफटल्यामुळे माकडहाडावरची त्वचा सोलवटते. उचलणाऱ्याच्या कमरेला वाईट असलेली पद्धत बहुधा रुग्णालाही वाईटच असते. कमी घर्षणाच्या नायलॉनची सरकचादर, जिला स्लाइड शीट म्हणतात, हे दोन्ही वाचवते. तिला वीज लागत नाही, दुरुस्ती लागत नाही. खरेदीच्या यादीत ती क्वचितच दिसते.

ट्रॉलीच्या चाकांबद्दल फार बोलावे असे नाही, पण बोलल्याशिवाय राहवतही नाही. एक चाक अडकले की ट्रॉली एका बाजूला ओढते आणि ढकलणारा ती सरळ ठेवण्यासाठी कंबर पिळत राहतो. लिफ्ट बंद असली की रॅम्प. तेल आणि नवे चाक यांची किंमत एमआरआयच्या एका तपासणीहूनही कमी असेल.

दुखणे वॉर्डातच राहत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची देशातली पहिली शस्त्रक्रिया केली. रुग्णांचे त्यामुळे भले झाले, पोटावर वीतभर चिरेच्या जागी तीन-चार छिद्रे आली. सर्जनला मात्र तासन्‌तास हात उचलून, लांब दांड्याची उपकरणे धरून, भलत्याच उंचीवरच्या पडद्याकडे मान वळवून उभे राहावे लागले. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३१७ सर्जनांच्या पाहणीत ८७ टक्क्यांना शारीरिक त्रास किंवा लक्षणे होती. उपकरणांची मूठ कुणाच्या हाताच्या मापाने घडवली हाही प्रश्न आहेच. साडेसहा किंवा त्याहून लहान हातमोजा वापरणाऱ्यांना ती अधिक जड जाते, असे २००४ च्या एका अमेरिकी पाहणीत दिसले. हे हात बहुतांशी स्त्री सर्जनांचे.

सोनोग्राफी करणाऱ्याचा खांदा जगभर दुखतो, कारण हात अंगापासून लांब धरून प्रोब दाबून ठेवावा लागतो. काही देशांत हे काम बहुधा तंत्रज्ञ करतात. आपल्याकडे गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्यामुळे ते नोंदणीकृत डॉक्टरच्या हाती राहिले. त्यामुळे खांदाही डॉक्टरचाच, आणि गर्भवतीची तपासणी झाल्यावर ‘फॉर्म एफ’ भरणारे मनगटही बहुधा त्याचेच. कॅथलॅबमध्ये शिशाचा अंगरखा घालून दिवसभर उभे राहणाऱ्या हृदयरोगतज्ज्ञांची कहाणी निराळी नाही. फरक इतकाच की त्यांच्या परिषदांत त्यावर सत्र होते. धुलाईघरात ओल्या चादरींची गाठोडी उचलणाऱ्या कंत्राटी कामगाराची परिषद भरत नाही.

आकड्यांबाबत थोडे सावध राहिले पाहिजे. या विषयावरच्या बहुतेक पाहण्या १९८७ मध्ये उत्तर युरोपातील संशोधकांनी तयार केलेल्या नॉर्डिक प्रश्नावलीवर चालतात. तीत मानवी आकृतीचे नऊ भाग असतात आणि गेल्या बारा महिन्यांत कुठे त्रास झाला का, असे विचारलेले असते. असे विचारल्यावर ‘नाही’ म्हणणारा माणूस सापडणे कठीण. आपल्याकडे फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी ही प्रश्नावली अनेक रुग्णालयांत फिरवली आहे. टक्केवारी मोठी येते, प्रबंध बांधला जातो, ग्रंथालयात जातो. शिवाय पाठदुखी फक्त वजनाने होत नाही. रात्रपाळी, वरिष्ठांचा जाच, घरी गेल्यावर वाट पाहणारी दुसरी पाळी, या सगळ्यांचा तीत वाटा असतो. एमआरआयमध्ये चकती सरकलेली दिसावी आणि माणसाला काहीच दुखू नये, असेही घडते. तरी ज्या कामात मर्यादेच्या तिप्पट वजन रोज उचलतात, तिथे आधी वजन कमी करावे, हे सांगायला आणखी प्रबंधाची गरज नसावी.

काही देशांनी ते केले. ब्रिटनमध्ये हाताने वजन हाताळण्याविषयीचे नियम १९९२ मध्ये आले. जर्मनीने १९९३ पासून दीर्घकाळ ओझी उचलल्याने होणारा कमरेच्या मणक्यांचा विकार व्यावसायिक आजारांत घेतला, आणि शुश्रूषेचे काम त्यात मोजले जाते. व्हिक्टोरियात १९९८ मध्ये परिचारिकांच्या संघटनेने ‘उचलणार नाही’ असे धोरण पुढे आणले. अमेरिकेत मात्र तमाशा झाला. नोव्हेंबर २००० मध्ये सर्व उद्योगांसाठी अशा दुखापतींविरुद्ध नियम जाहीर झाला आणि मार्च २००१ मध्ये काँग्रेसने तो रद्द करून टाकला, नवे राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या सहीने. मग राज्यांनी आपापले मार्ग शोधले. टेक्सासने २००५ मध्ये रुग्णालयांसाठी पहिला कायदा केला.

‘उचलणार नाही’ ला दुसरी बाजू आहे आणि ती ब्रिटिश न्यायालयात मांडली गेली. ईस्ट ससेक्समध्ये दोन तीव्र अपंग बहिणी घरच्यांकडे राहत होत्या. काउंटीच्या कर्मचाऱ्यांनी हाताने उचलायचे नाही असे धोरण होते. यंत्राच्या झोळीत टांगले जाणे मुलींना सोसत नव्हते, घराबाहेर पडणे अडत होते. २००३ च्या निकालात न्यायमूर्ती मन्बी यांनी सांगितले की सरसकट बंदी चालणार नाही. अपंग व्यक्तीची प्रतिष्ठा आणि कर्मचाऱ्याची सुरक्षितता यांचा प्रत्येक प्रकरणात वेगळा तोल पाहावा लागेल. निकाल योग्यच होता. पण तो तोल तिथेच पाहता येतो जिथे यंत्र आधी हजर आहे. आणि यंत्र म्हणजे रुग्णाचा अपमान असे मानणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की ज्याच्या नावाने हॉइस्ट प्रसिद्ध झाला तो टेड हॉयर विस्कॉन्सिनमधला, अपघाताने हातपाय लुळे पडलेला माणूस होता. त्याला स्वतःलाच कुणाच्या तरी कमरेवर अवलंबून राहायचे नव्हते.

भारतात १९४८ च्या कारखाना कायद्याने इजा होईल इतके वजन कामगाराला उचलायला लावण्यास मनाई केली होती. रुग्णालय कारखाना नाही. त्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेले २९ आजार होते: शिसे, पारा, सिलिकोसिस, अँथ्रॅक्स. कंबर त्यात नव्हती. रुग्णालये स्वतःच्या धोक्यांची नोंद ठेवत नाहीत असेही नाही. सुई टोचली की रजिस्टरमध्ये नोंद होते, रक्त तपासले जाते. क्ष-किरण विभागात छातीवर टीएलडी बॅज असतो आणि किरणोत्साराचा हिशेब ठरावीक काळाने येतो. हे दोन्ही धोके डोळ्यांना दिसत नसताना मोजले जातात. रुग्ण उचलताना उसण भरली याचे रजिस्टर कुठे आहे?

ते उघडायला शासननिर्णय लागत नाही. तारीख, वॉर्ड, पाळी, काय करताना, रुग्णाचे अंदाजे वजन, तेव्हा सोबत किती जण होते, एवढे रकाने पुरेत, आणि कंत्राटी मावशीचे नाव त्यात कायम सिस्टरच्या नावाइतकेच सहज लिहिले गेले पाहिजे. सहा महिन्यांनी ते रजिस्टर खरेदी समितीपुढे ठेवावे. पुढच्या खाटांच्या निविदेत रंग, गंजरोधक लेप आणि हमीचा काळ यांच्या जोडीला खाट किती सेंटिमीटरपासून कितीपर्यंत वर-खाली होते, हा रकाना घालावा. आणि निविदा उघडताना त्या टेबलाशी रात्रपाळीची एक सिस्टर बसवावी.